कानांचा दाखला

बावीस वर्षं लोकांचे कान तपासून बाईंना एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस चष्मा लागल्याचं चारचौघांत सांगतो, गुडघे दुखत असल्याचं तर न विचारताही सांगतो, पण कानांचं नाव काढलं की भांडायला उठतो. आणि त्यांच्या नशिबी नवरा असा आला होता, की त्याची सगळी इभ्रतच कानांवर उभी होती.

बाईंची खोली रुग्णालयाच्या तळघरात, एक्स-रे विभागाच्याही पलीकडे होती. त्या खोलीत आणखी एक छोटी खोली होती, शीतगृहाला असतं तशा जाड दाराची. आत एक खुर्ची, एक हेडफोन (लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या) आणि हातात धरायचं एक बटण. मधल्या काचेच्या अलीकडे बाई आणि त्यांचं मशीन. दार लागलं की बाई एकेक सूर सोडणार, ऐकू आला की आतल्याने बटण दाबायचं, दाबलं की मशीनवर हिरवा दिवा लागणार. काम म्हणाल तर एवढंच. पण एवढ्याशा कामात लोक काय काय सोंगं करतात ते बाईंनाच विचारावं. कोणी काचेतून बाईंच्या हातांवर नजर ठेवून बटण दाबतो, कोणी मनात ताल धरून दाबतो. म्हणून बाई मशीनपुढे पुठ्ठा उभा करत, ताल मोडत, आणि मध्येच अर्धा मिनिट काहीच सोडत नसत. याला त्या ‘रिकामी वेळ’ म्हणायच्या. रिकाम्या वेळेत बटण दाबणाऱ्याच्या कागदावर कोपऱ्यात त्या एक ठिपका देत. बहुतेकांना एखादा ठिपका पडायचा, फार तर दोन.

पुठ्ठा घरचाच होता. नवऱ्याचा छापखाना होता आणि गावात सगळे त्यांना छापखानेवाले म्हणत. औषधांची खोकी, पावतीपुस्तकं, शाळेच्या वह्यांची वेष्टणं असलं काय काय ते छापत. विसाव्या वर्षापासून ते यंत्रांच्या धडधडाटात वावरले होते, आणि त्यांचे कान खरोखरच तयार होते, हे बाईही मान्य करत. बंद दाराआड बसून ते सांगायचे की तिसऱ्या यंत्राचा रोलर कोरडा पडलाय, आणि जाऊन बघावं तर तो कोरडाच असायचा. गडबड पुढे झाली. आपल्याला रोलर ऐकू येतो म्हणजे आपल्याला सगळंच ऐकू येतं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्या ठरवण्यातून घराची वरची खोली उभी राहिली. भिंतींना जाड अस्तर, खिडकीला तिहेरी काच, आणि समोर छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर. बाई त्यांना पेट्या म्हणायच्या आणि ते छापखानेवाल्यांना अजिबात खपत नसे. स्पीकरच्या तारा जमिनीला टेकू नयेत म्हणून दर हातभरावर खाली लाकडी ठोकळे लावले होते. जमिनीची थरथर तारेत शिरते म्हणे. त्यामुळे खोली झाडायला गेलं की बाईंना सर्कशीतल्यासारखे पाय टाकावे लागत. खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्या चार पायांच्या जागा जमिनीवर पट्टी चिकटवून आखून दिल्या होत्या. खरा आवाज फक्त त्या खुर्चीतच मिळतो, वीतभर इकडे सरकलं की संपलं.

दर रविवारी सकाळी या खोलीत श्रवण मंडळ भरायचं. मंडळाचे सभासद तीन. अध्यक्ष होते निवृत्त न्यायाधीश, दुसरे दातांचे डॉक्टर आणि तिसरे छापखानेवाले. एकाने अकरा मिनिटं खुर्चीत डोळे मिटून बसायचं, बाकी दोघांनी मागच्या सतरंजीवर बसून वाट बघायची. स्वयंपाकघरातून आणलेला गजर वाजला की खुर्ची रिकामी करायची. ऐकायला एका गायिकेची तबकडी होती आणि पडद्यावर बघायला एक जहाजाचा सिनेमा होता. गाण्याची पहिली चाळीस सेकंदं लावायची, कारण तिथे कुठेतरी ग्लास ठेवल्याचा आवाज आहे. सिनेमातलं वादळ तेवढं लावायचं, कारण तिथे डोलकाठी मोडताना लाकूड करकरतं. नऊ वर्षांत मंडळाने ते वादळ शेकडो वेळा पाहिलं होतं. जहाज पुढे बुडालं की वाचलं, हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

ते माहीत होतं सासूबाईंना. खाली स्वयंपाकघरात फ्रिजवर एक जुना टीव्ही होता, त्याचा आवाज डब्यात बोलल्यासारखा यायचा. ऐंशीच्या सासूबाई तोच सिनेमा त्यावर बघत, आणि बघण्याआधी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवत. का, म्हणून बाईंनी एकदा विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की कप्तानाचं तोंड बघितलं की सगळं कळतं, यंत्रामुळे उगाच पाण्याचा आवाज मध्ये येतो. ठरल्या जागी त्या हसत आणि ठरल्या जागी पदराने डोळे पुसत.

आता बाईंचं दुखणं सांगायला हवं, कारण ते कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. चार वर्षांपासून त्या नवऱ्याच्या पाठीशी बोलत होत्या. वर चहा घेऊन गेलं की पाठ, बेसिनपाशी पाठ, वर्तमानपत्र वाचतानाही पाठ, कारण उजेड खिडकीकडून येतो. बाई काही सांगायच्या आणि पाठ हलायची नाही. दोनदा, तीनदा सांगितलं की उत्तर यायचं, “पुटपुटू नकोस गं.” हळूहळू बाईंनी सांगणंच सोडलं. उरलं ते फक्त एक वाक्य, चहा ठेवताना त्या पाठीला उद्देशून ते पुटपुटायच्या, आणि हे मात्र खरंच पुटपुटायच्या, “या पेट्यांशीच लग्न लावायचं होतंत.” उत्तराची अपेक्षा त्यात नव्हती. मन मोकळं व्हायचं, एवढंच.

एक गोष्ट मात्र मोकळी झाली नव्हती. दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयाने बाईंना पत्र पाठवून विचारलं होतं की नव्या मुलींना कान तपासायला शिकवाल का. बाई हरखून गेल्या होत्या. संध्याकाळी वर गेल्या तेव्हा छापखानेवाले डावा स्पीकर बोटभर भिंतीकडे सरकवत होते. बाईंनी सगळं सांगितलं आणि विचारलं, “जाऊ का?” ते स्पीकर सरकवत राहिले. पुन्हा विचारायचं नाही असं बाईंनी ठरवलं, आणि सकाळी नकार कळवला.

आता कोणी म्हणेल, बाई कानांच्याच कामातल्या, त्यांना शंका आली नाही? आली होती. चला तपासू, असं त्यांनी दोनदा सुचवलंही होतं. पण छापखानेवाले म्हणाले की ते मशीन बहिऱ्यांसाठी आहे, आपल्यासारख्यांचे कान त्यात मावायचे नाहीत. बाईंनीही फार जोर लावला नाही, कारण त्यांना भीती वाटत होती. कान वाईट निघाले तर हा माणूस मोडून पडेल. आणि कान चांगले निघाले, तर त्याने चार वर्षं सगळं ऐकलं होतं आणि मुद्दाम तोंड वळवलं नव्हतं. यातलं काय निघावं म्हणून देवाला हात जोडावेत, हेच बाईंना कळत नव्हतं.

हा गुंता सुटला तो ठोकळ्यांमुळे. दातांच्या डॉक्टरांनी शिसवी लाकडाचे नवे ठोकळे करवून आणले, आणि तारांखाली ते लावल्याबरोबर गायिका दोन पावलं पुढे आली असं जाहीर केलं. छापखानेवाल्यांना ती तीन पावलं पुढे आल्यासारखी वाटली. न्यायाधीशांना ती होती तिथेच दिसली. वाद तीन रविवार चालला. शेवटी न्यायाधीशांनी निकाल दिला की साक्षीदाराची पात्रता सिद्ध झाल्याशिवाय साक्ष ग्राह्य धरता येत नाही, तेव्हा तिन्ही सभासदांनी कानांचा दाखला आणावा. शिवाय आपण यंदा अध्यक्षपद सोडणार आहोत, त्यामुळे ज्याचे कान सर्वांत उत्तम ठरतील त्याला अध्यक्षपद मिळेल आणि खुर्चीवर पहिला हक्कही त्याचाच राहील. छापखानेवाल्यांचे डोळे चमकले. नऊ वर्षं ते तिसऱ्या नंबरावर होते. दाखला काढायला घरचीच बाई आहे, असं त्यांनीच हौसेने सांगितलं.

शनिवारी दुपारी रुग्ण संपल्यावर तिघं तळघरात आले. तिघांनीही इस्त्रीचे कपडे घातले होते.

पहिले आत गेले डॉक्टर. त्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली, आणि बाईंनी पहिला सूर सोडायच्या आधीच बटण दाबलं. बाईंनी रिकामी वेळ दिली तर त्यांनी तिच्यातही दाबलं, चेहऱ्यावर समाधान. जिथे काहीही वाजत नव्हतं तिथे डॉक्टरांनी अकरा वेळा ऐकलं, आणि जिथे वरचे बारीक सूर वाजत होते तिथे एकदाही नाही. आयुष्यभर दातांत घरघरणारं यंत्र कानाशी धरल्यावर दुसरं काय होणार. बाहेर येऊन ते म्हणाले की मशीन चांगलं आहे, पण खालच्या सुरांना जरा पत्र्याचा वास येतो.

न्यायाधीशांची तऱ्हा उलटी. शंभर टक्के खात्री पटल्याशिवाय त्यांनी बटणाला अंगठा लावला नाही. मध्येच त्यांनी हात वर करून बाईंना थांबवलं आणि मघाचा सूर पुन्हा ऐकवण्याची विनंती केली. ऐकवला, तर म्हणाले की आता तो ओळखीचा झाल्यामुळे पुरावा म्हणून बाद आहे. पाऊण तास लागला. कागदावर त्यांचे कान होते त्यापेक्षा बरेच वाईट उतरले.

मग छापखानेवाले आत गेले. बाईंनी दार लावलं.

सुरुवात झकास झाली. खालचे, जाडसर सूर त्यांनी इतके हलके असताना पकडले की बाईंना नकळत अभिमान वाटला. रोलर उगाच ऐकू येत नव्हते. बाई एकेक पायरी वर गेल्या. सेकंदाला दोन हजार कंपनांच्या सुरावर दिवा जरा उशिरा लागला. तीन हजारांवर आवाज बराच वाढवावा लागला. चार हजारांवर दिवा लागलाच नाही. बाईंनी आवाज वाढवला, आणखी वाढवला, ज्या आवाजाला कमी ऐकू येणारी म्हातारी माणसंसुद्धा खुर्चीत दचकतात तिथपर्यंत नेला. आत छापखानेवाले डोळे मिटून शांत बसले होते. मग त्यांनी एक डोळा उघडला, गालात हसले, आणि काचेपलीकडून बाईंना बोट हलवून दाखवलं. तुझी ती रिकामी वेळ मला माहीत आहे, मला फसवू नकोस, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाईंना आधी हसू फुटलं आणि लगेच रडू आलं. या माणसाने ऐकून दुर्लक्ष केलं नव्हतं. त्याच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. स, श, त, क, सगळी बारीक अक्षरं वरच्या सुरांत असतात, ती गळली की बाईच्या बोलण्याची नुसती गुणगुण उरते, हे त्या रोज परक्या लोकांच्या बायकांना समजावून सांगत होत्या. स्वतःच्या घरी मात्र त्या चार वर्षं रुसून बसल्या होत्या. त्यांना सुटल्यासारखंही वाटलं आणि स्वतःचा रागही आला.

मशीनला एक माइक होता, आतल्या माणसाला सूचना द्यायला, आणि आतल्याचं बोलणंही बाहेर ऐकू यायचं. बाईंनी त्याचं बटण फिरवून आवाज कागदावरच्या नोंदींप्रमाणे त्यांच्या कानांना हवा होता तेवढा वाढवला आणि बोलल्या.

“अहो. ऐकू येतंय?”

छापखानेवाल्यांनी खाडकन डोळे उघडले. ते बाईंकडे बघतच राहिले. “हा तुझा आवाज आहे?” त्यांनी विचारलं. “अशी स्वच्छ रोज का नाही बोलत तू?”

“मी रोज अशीच बोलते.”

“रोज पुटपुटतेस.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “एक वाक्य सोडून बाकी काही पुटपुटत नाही.”

आणि मग त्यांनी त्या माइकमध्ये नदीपलीकडच्या रुग्णालयाचं सगळं सांगितलं. ते पत्र, आपला आनंद, तो डावा स्पीकर आणि ‘जाऊ का?’ सुद्धा. काचेपलीकडे छापखानेवाल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

“मी काय म्हणालो?” त्यांनी शेवटी विचारलं.

“काही नाही.”

 मशीनमधून कुठलाच सूर जात नव्हता. बाईंनी सवयीने मशीनकडे पाहिलं तर हिरवा दिवा लागला होता. छापखानेवाल्यांनी बटण दाबलं होतं आणि ते अंगठा उचलत नव्हते. तेवढ्यात बाहेरून न्यायाधीशांनी दारावर टकटक करून चौकशी केली की आरोपीला आणखी किती वेळ आत ठेवणार.

घरी जाताना छापखानेवाल्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं की उद्या हा कागद दाखवायलाच हवा का, सर्दी झाली होती असं सांगता येणार नाही का. बाई त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या तोंडासमोर, जशा त्या रुग्णांच्या नातेवाइकांना उभं राहायला शिकवत. म्हणाल्या की खोटा दाखला मी लिहिणार नाही, पण खरा दाखवायचा की खिशात ठेवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. छापखानेवाल्यांनी मान हलवली. थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं की त्या रुग्णालयात अजून विचारता येईल का. आता तिथे दुसरी बाई आहे, असं बाईंनी सांगितलं.

रविवारी मंडळ भरलं. बाई दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या राहिल्या आणि आज त्या खाली गेल्या नाहीत. न्यायाधीशांनी चष्मा लावून डॉक्टरांचा कागद वाचला. कोपऱ्यातले ठिपके मोजून त्यांनी नोंदवलं की साक्षीदाराने न वाजलेले अकरा सूर ऐकले आहेत. डॉक्टर म्हणाले की शांततेलासुद्धा एक पोत असतो, तो सगळ्यांना ऐकू येत नाही. तो कोणालाच ऐकू येत नाही, असं न्यायाधीश म्हणाले आणि कागद खाली ठेवला. स्वतःचा कागद त्यांनी कठोरपणे वाचला आणि स्वतःलाही अपात्र ठरवलं.

मग दोघंही छापखानेवाल्यांकडे वळले. अध्यक्षपद आता त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतं. त्यांनी नुसतं सर्दी म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाईंनी ट्रे घट्ट धरला.

छापखानेवाल्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला आणि स्वतःच वाचला. “चार हजारांपासून वर मला काही ऐकू येत नाही. चार वर्षं तरी झाली असतील. गायिका तीन पावलं पुढे आली असं मी म्हणालो होतो. ते मागे घेतो. ठोकळे आवडले होते म्हणून म्हणालो.”

खोलीत शांतता पसरली, आणि तिचा पोत डॉक्टरांनीही सांगितला नाही. न्यायाधीशांनी घसा साफ केला. म्हणाले की एकूण पाहता या खटल्यात एकही पात्र साक्षीदार नाही, आणि नऊ वर्षांची सगळी मतं पुनर्विचारासाठी घ्यावी लागतील. तेव्हा छापखानेवाले म्हणाले की एक आहे. आमची ही रोज सकाळी मशीन सुरू करताना आधी स्वतःच्या कानांवर तपासून बघते, तिचे बावीस वर्षांचे कागद फायलीत लावलेले आहेत.

अशा रीतीने बाई त्या खुर्चीत पहिल्यांदा बसल्या. खुर्ची चांगली होती, पाठीला आधार देणारी. त्यांना डोळे मिटायला सांगितलं, त्यांनी मिटले नाहीत. त्यांनी एकच अट घातली, की गाणं पूर्ण लावायचं. गजर वाजला तरी कोणी उठवलं नाही. चाळीस सेकंदांनंतर गाण्यात काय काय होतं हे ऐकून मंडळ चकित झालं. मध्ये सूर चढत गेला, डॉक्टर मान डोलवायला लागले, आणि अगदी शेवटी, वाद्यं थांबल्यावर, गायिका स्वतःशीच जराशी हसली. बाईही हसल्या. गाणं फारच सुरेख होतं आणि ते इतकी वर्षं आपल्याच घरात असून आपण ऐकलं नव्हतं, याची त्यांना चुटपुट लागली.

डॉक्टरांनी अधीर होऊन विचारलं की मग ठोकळ्यांचं काय.

“ठोकळ्यांचं मला कळलं नाही,” बाई म्हणाल्या. “पण उजव्या पेटीचा वरचा तो बारीक सुरांचा छोटा गोल वाजत नाहीये. मुळीच नाही.”

तिघांनीही आळीपाळीने त्या छोट्या गोलाला कान लावला. तो वाजतोय की नाही हे तिघांपैकी कोणालाही सांगता आलं नाही, आणि एकमेकांकडे बघून तिघांनाही ते उमगलं. सर्वांत आधी न्यायाधीश हसले. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच इतके हसत असावेत, कारण त्यांना मध्येच सतरंजीवर बसावं लागलं. बुधवारी दुरुस्तीवाला आला, त्याने मागचं झाकण उघडलं आणि सांगितलं की आतली तार निखळली आहे, धूळ बघता तीनेक वर्षं झाली असतील, खोलीला रंग दिला तेव्हा पेटी हलवली होती का. हलवली होती. रंग दिल्यानंतर आवाज कसा मोकळा झाला यावर डॉक्टरांनी तेव्हा मंडळात अर्धा तास भाषण केलं होतं.

न्यायाधीशांनी आपला शेवटचा निकाल दिला. अध्यक्षपद आणि खुर्ची, दोन्ही बाईंना. अध्यक्षपदाचं काय करायचं ते बाईंना कळेना, पण खुर्ची त्यांनी त्याच दिवशी खाली स्वयंपाकघरात नेली. सासूबाईंना टीव्ही बघायला धड खुर्ची नव्हती. वरच्या खोलीत आता तिघंही सतरंजीवर बसतात, गाणी शेवटपर्यंत ऐकतात, आणि ठोकळे गोळा करून ठेवल्यामुळे झाडायला त्रास होत नाही.

महिन्याभराने छापखानेवाल्यांची कानांची यंत्रं आली. ती बाईंनी स्वतः बसवली आणि स्वतःच जुळवून दिली. पहिल्या दिवशी त्यांना स्वतःच्या चपलांचाच त्रास झाला, मग वर्तमानपत्राच्या पानांचा. दुसऱ्या दिवशी छापखान्यातून येऊन त्यांनी नवलाने सांगितलं की आपलं तिसरं यंत्र शीळ घालतं. ते कामगारांना पहिल्यापासून माहीत होतं.

त्या रविवारी दुपारी सासूबाईंनी जहाजाचा सिनेमा लावला. छापखानेवाले पाणी प्यायला आत आले होते, ते तसेच हातात पेला धरून उभे राहिले. मग स्टुलावर बसले. वादळाच्या आधी दीड तास काय होतं ते त्यांना माहीतच नव्हतं. कप्तानाला एक मुलगी होती, ती पलीकडच्या किनाऱ्यावर आजारी होती, म्हणून तो कोणाचं न ऐकता जहाज हाकत होता. डोलकाठी मोडली तेव्हा फ्रिजवरच्या त्या टीव्हीतून लाकडाची करकर वगैरे काही आली नाही, नुसता खर्र असा आवाज आला. छापखानेवाल्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते पुढे वाकून कप्तानाच्या तोंडाकडे बघत होते. शेजारी सासूबाई यंत्र काढून खुर्चीत बसल्या होत्या आणि दोघंही एकाच वेळी डोळे पुसत होते.

बाईंनी चहा आणला. समोर पाठ होती, नेहमीची, जराशी वाकलेली. त्यांनी कप ओट्यावर ठेवला आणि ओठांवर बसलेलं ते वाक्य सवयीने, हलकेच, निघून गेलं.

“या पेट्यांशीच लग्न लावायचं होतंत.”

“विचारलं होतं,” पडद्यावरची नजर न हलवता छापखानेवाले म्हणाले. “त्या नाही म्हणाल्या, म्हणून तुझ्याकडे आलो.”

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. चार वर्षं तेच वाक्य, तीच पाठ, आणि आज उत्तर आलं होतं. सुनेचा चेहरा बघून सासूबाईंनी विचारलं की काय झालं, काय म्हणाला तो. सांगते, पण आधी कप्तान घरी पोचू दे, असं म्हणून बाईंनी दुसरं स्टूल ओढलं आणि त्या नवऱ्याच्या शेजारी बसल्या.